श्रेणीसुधार

पहिली मॅरेथॉन पूर्ण करून आलेल्या माणसाचं कौतुक करायला कुणाला फार विचार करावा लागत नाही. ४२ किलोमीटर १९५ मीटर हा आकडा ऐकला की समोरचा आपोआप ‘बाप रे’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. माझे साडू मुंबईची मॅरेथॉन पळून आले तेव्हा कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि चेअरमननी ‘सी विंगच्या इतिहासातला सोनेरी क्षण’ असं भाषण केलं. पाच तास अकरा मिनिटं लागली, हे त्या समारंभात कुणाला खटकलं नाही. सी विंगमधली बाकीची मंडळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही स्कूटरनं जातात. तुलना करणार कुणाशी?

खटकलं ते एकट्या साडूंना. शाल कपाटात जायच्या आत त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षी सब-फाइव्ह. म्हणजे पाच तासांच्या आत. मेहुणीला आधी वाटलं, रक्ततपासणीत काहीतरी निघालंय.

त्यांच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांनी जिन्यात विचारलं, “पुन्हा पळणार? मागच्या वेळी पूर्ण झाली होती ना?”

“झाली होती. आता वेळ कमी करायचाय.”

“अच्छा, श्रेणीसुधार!” असं म्हणून ते दुधाची पिशवी घेऊन वर गेले.

जन्मभर बोर्डाचे फॉर्म भरून घेतलेल्या माणसाला एका शब्दात निदान जमलं. नापास झालेल्या पोराला घरात सहानुभूती मिळते. पहिल्या झटक्यात पास होणाऱ्याच्या नावानं पेढे वाटतात. पण चांगला पास झालेला पोरगा चार टक्के वाढवायला पुन्हा परीक्षेला बसला, की घरचे त्याच्याकडे थोड्या काळजीनं आणि बऱ्याचशा वैतागानं बघतात. टीव्हीचा आवाज मात्र पुन्हा त्यांनाच कमी करावा लागतो.

मी सहकारी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, म्हणून हिशेबाला मला बोलावणं आलं. पाच अकराचे चार एकोणसाठ करायचे म्हणजे बारा मिनिटं. त्याचे सेकंद ७२०. भागिले ४२. दर किलोमीटरला सतरा सेकंद. ऐकायला किती किरकोळ! सतरा सेकंदांत आमच्या लिफ्टचं दारसुद्धा नीट लागत नाही. पण हे सतरा सेकंद ४२ वेळा ओळीनं वाचवायचे असतात, आणि पस्तिसाव्या किलोमीटरनंतरचे सतरा हे सुरुवातीच्या सतरांपेक्षा फार महाग पडतात, हे मला साडूंच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांनी घड्याळात साठलेली मागच्या शर्यतीची सगळी नोंद माझ्यापुढे ठेवली. कुठे किती वेळ उभे राहिले, सगळं त्यात उमटलेलं. मी कागदावर उतरवून काढलं. सी लिंकवर उगवता सूर्य मागे घेऊन फोटो, दीड मिनिट. वरळीला बँडवाल्यांपुढे ठेका, एक मिनिट. पाण्याच्या टेबलांवर थांबून पोरांचे आभार मानणे, एकूण दोन मिनिटं. पेडर रोडवरच्या रहिवाशांनी आग्रहानं दिलेली संत्री, एक मिनिट. कुटुंब, चार मिनिटं. कुटुंब म्हणजे आम्हीच. आम्ही पेडर रोडला उभे होतो आणि हे थांबून आमच्याशी बोलले होते.

“साडेनऊ मिनिटं झाली,” मी बेरीज सांगितली. “म्हणजे वर्षभर सराव कशाला करताय? नुसते उद्धटपणे पळालात तरी बरंचसं काम होतंय.”

साडूंना हे पटलं नाही. मेहुणी तेवढ्यात चहा घेऊन आली होती. तिनं कागदावरची ‘कुटुंब : ४ मि.’ ही ओळ वाचली, कप ठेवले आणि बिस्किटांची बशी परत आत नेली.

सरावाचा पहिला नियम ऐकून मला बरं वाटलं. वेगात पळायचं असेल तर हळू पळा. हा साडूंचा शोध नव्हे. स्टीफन सायलर नावाच्या अभ्यासकानं जगातल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यातला साधारण ऐंशी टक्के सराव गप्पा मारता येतील इतक्या सावकाश चाललेला निघाला. आपण हौशी लोक नेमके मधल्या गतीनं पळतो. धड हळू नाही, धड जोरात नाही. दमतो मात्र पूर्ण.

हळू म्हणजे किती हळू, हे छातीचे ठोके ठरवतात. २२० मधून वय वजा करायचं. हा ढोबळ हिशेब आहे, त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, पण साडूंना ढोबळ काही चालत नाही. वय ४६, म्हणून १७४. त्याचे सत्तर टक्के १२२. ठोके यापुढे गेले की मनगटावरचं घड्याळ बोंब मारणार. आता हे सपाटीवर ठीक आहे. साडू सरावाला जातात वेताळ टेकडीवर. तिथे चढाला पाय लावल्याबरोबर घड्याळानं जी बोंब सुरू केली, ती माथ्यावर जाईपर्यंत थांबेना. साडू पळायचे थांबून चालायला लागले, मग आणखी हळू चालायला लागले. मागून माकडटोप्या घातलेल्या आजोबांचा एक गट पेन्शनच्या फरकाची चर्चा करत आला आणि त्यांना ओलांडून गेला. शेवटचे आजोबा काठी टेकत क्षणभर थांबले आणि म्हणाले, “चालू द्या, चालू द्या. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं.”

मुंबईची अख्खी मॅरेथॉन पळून आलेला माणूस! पण पदक काही टेकडीवर घालून जाता येत नाही.

मग घरी एक पुस्तक आलं. लेखक जॅक डॅनियल्स. हा अमेरिकेतला फार मोठा प्रशिक्षक. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये यानं लांब पल्ल्याच्या धावपटूंची पावलं मोजली आणि जवळजवळ सगळे मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त पावलं टाकतात, असं त्याला दिसलं. त्याचे तक्ते धावणाऱ्यांच्या जगात पंचांगासारखे पाहिले जातात. पण हे सगळं सासूबाईंना कोण सांगणार? त्यांनी फक्त जावयांना फोनवर बोलताना ऐकलं, “यंदा मी पूर्ण जॅक डॅनियल्सवर आहे. आठवड्यात थोडं थोडं, आणि रविवारी जास्त.” संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या बायकोला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, “तुझ्याकडे तरी बरं आहे ना सगळं?”

सगळाच सराव हळू नसतो. बार्ट यासो नावाच्या आणखी एका अमेरिकन धावपटूची एक युक्ती आहे. जितक्या तास-मिनिटांत मॅरेथॉन हवी, तितक्या मिनिट-सेकंदांत आठशे मीटर पळायचं, मध्ये तितकाच वेळ सावकाश पळायचं, असं दहा वेळा. म्हणजे साडूंना आठशे मीटर चार मिनिटं एकोणसाठ सेकंदांत. मला स्टॉपवॉच घेऊन एका शाळेच्या मैदानावर उभं केलं. त्याच मैदानावर एका क्लबची पोरं येतात. ती आठशे मीटर अडीच मिनिटांत उरकतात आणि नंतर हसतात सुद्धा. साडूंची सातवी फेरी चालली होती, चेहरा जांभळा झाला होता, आणि मी सेकंद मोजत होतो, तेव्हा त्यातला एक पोरगा अदबीनं माझ्याजवळ आला. म्हणाला, “काकांचा वॉर्म-अप झाला की सांगाल का? आम्हाला आतली लेन हवीय.”

व्यायामशाळेतलं वजन उचलणं आणि फोम रोलरवर लोळणं यांविषयी मी लिहीत नाही. ते मी पाहिलेलं नाही, फक्त भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे.

बुटांविषयी मात्र लिहायलाच हवं. नायकी कंपनीनं २०१७ मध्ये कार्बनची पट्टी घातलेला एक बूट काढला आणि त्याच्या नावातच ४% घातलं. त्या बुटानं पळायला लागणारी ऊर्जा सरासरी चार टक्के वाचते, असं कोलोरॅडो विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं होतं. नंतर सगळ्याच कंपन्यांनी तसे बूट काढले, तळवे इतके जाड व्हायला लागले की जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला २०२० मध्ये ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. साडूंनी गणित केलं. पाच तास अकरा मिनिटांचे चार टक्के किती? बारा मिनिटं आणि वर चिल्लर! हवी होती तीच रक्कम, एकरकमी. त्यांनी दुसऱ्या एका कंपनीचा तसाच बूट आणला. किंमत ऐकून मेहुणीनं फक्त विचारलं, “दोन्ही पायांची ना?”

मी तो प्रयोग वाचला, बँकेतली सवय. त्यात १८ पट्टीचे धावपटू ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगानं पळवले होते. साडूंचा वेग ताशी आठ. शिवाय आपल्याकडे शिवनाथ सिंग १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला अकरावे आले, १९७८ साली जालंधरला दोन तास बारा मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो पुढची चार दशकं कुणाला मोडता आला नाही. आणि हा गृहस्थ अनवाणी पळण्यासाठी प्रसिद्ध होता. हे सगळं मी साडूंना सांगितलं. ते बूट खोक्यातून काढून टिश्यू पेपरनं पुसत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

जानेवारीतल्या शर्यतीची तयारी अठरा आठवड्यांची धरली, तर ती सप्टेंबरात सुरू होते. हे वेळापत्रक ज्या कुणी बनवलं त्याला महाराष्ट्रातला सप्टेंबर ते जानेवारी ठाऊक नसावा. साडूंचे वजन कमी करण्याचे पहिले दिवस गणपतीत गेले. मोदकाला नाही म्हणता येत नाही, त्यात देवाचा प्रश्न येतो. पुढे नवरात्र, मग कोजागरीचं आटवलेलं दूध, मग दिवाळीचा फराळ. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, आणि ती रविवारी असतात. लांब पल्ल्याची धावही रविवारीच. मुळशी रस्त्यावर तीस किलोमीटर पळून, गाडीतच शर्ट बदलून हे एका मुंजीला हजर झाले. माझं काम स्कूटरवरून पाणी आणि केळी घेऊन मागे राहणं. मुंजीत पंगतीला बसताना साडूंना मांडी घालता येईना, तेव्हा यजमानांनी ओळखून घेतलं. “गुडघे का? आमच्या वडलांचंही तेच,” असं म्हणून खुर्ची मागवली.

खाण्याची बाजू मला समजते, कारण ती तुटीची आहे. ढोबळमानानं माणूस किलोमीटरमागे वजनाच्या दर किलोला एक कॅलरी जाळतो. ७० किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी तीन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो तो सुमारे दोन हजारांचा. चरबी भरपूर असते, पण ती मुदत ठेव. गरजेच्या वेळी चटकन मोडून मिळत नाही. म्हणून तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला खातं रिकामं होतं, पाय शिसं होतात. धावणारे म्हणतात, भिंत लागली. ती लागू नये म्हणून आधीचे दोन-तीन दिवस भात-पोळी-बटाटा रेटून खायचा. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, संक्रांत उरकून थोडे दिवस झालेले असतात आणि गुळाच्या पोळ्या डब्यात शिल्लक असतात. साडूंच्या सगळ्या तपश्चर्येत शास्त्र आणि मेहुणी यांचं एकमत झालं ते या एकाच ठिकाणी. भोगीची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी मात्र त्यांनी नाकारली. चोथ्याचे पदार्थ शर्यतीच्या आठवड्यात नकोत. शर्यतीत पाच मिनिटं कुठे जाऊ शकतात, ते त्यांनी जेवणाच्या टेबलावर तपशीलवार सांगितलं. बाकीच्यांनीही मग भाजी खाल्ली नाही.

त्याच टेबलावर आमचा इतिहासाचा वाद झाला. दुसऱ्यांदा वेग वाढतोच असं नाही, हे मी एमिल झाटोपेकचं नाव घेऊन सांगितलं. त्यानं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं मारली. त्यातली मॅरेथॉन तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. चार वर्षांनी मेलबर्नला त्याच शर्यतीत सहावा. साडूंनी लगेच अबेबे बिकिला काढला. १९६० मध्ये रोमला अनवाणी पळून जिंकला, दोन तास पंधरा मिनिटं. १९६४ मध्ये टोकियोला पुन्हा जिंकला, आणि वेळ तीन मिनिटांनी कमी. तेही काही आठवडे आधी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं असताना!

“मग तुमचं अपेंडिक्स अजून आहे ना?” मेहुणीनं भात वाढता वाढता विचारलं. “ते काढा आधी. बुटापेक्षा स्वस्त पडेल. विम्यात बसतं.”

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला साडू सीएसएमटीपासून सुटले. आम्ही गिरगावात नातेवाइकांकडे मुक्कामाला होतो. नऊच्या सुमारास चालत चालत पेडर रोडला जाऊन उभे राहिलो. हा चढ मोटारीतून जाताना जाणवतसुद्धा नाही. पण पस्तिसेक किलोमीटर झालेल्या माणसांच्या पायांखाली तो सिंहगड होतो. पळणारे चालायला लागतात, चालणारे दुभाजकाला धरून उभे राहतात, आणि बाजूच्या इमारतींतल्या बायका संत्र्याच्या फोडी, मिठाची बिस्किटं, चिक्की पुढे करत असतात. अनोळखी माणसाच्या पोटरीवर वेदनेचा फवारा मारायला पोरं टपून बसलेली. माझ्या मते मुंबई बघावी तर त्या दोन तासांत तिथे.

छातीवरच्या नंबरातल्या चिपमुळे साडू कुठवर आले ते मोबाइलवर कळत होतं. सगळं वेळेत चाललं होतं. सी लिंकवर फोटो नाही, वरळीला ठेका नाही. मेहुणीनं गर्दीतून जागा धरली होती, हातात सोललेलं संत्रं. शेवटी ते दिसले. चेहरा असा, की कुणीतरी भागाकार करतंय. आम्ही तिघं ओरडलो. ते जवळ आले, आमच्याकडे पाहिलं, उजवा हात कमरेपासून वीतभर उचलला आणि निघून गेले.

“ओळखलं ना आपल्याला?” मेहुणी म्हणाली.

“ओळखलं. दोन सेकंद दिले,” मी घड्याळ बघून सांगितलं. संत्रं तिनं मागून येणाऱ्या एका घामाघूम सरदारजींना दिलं. ते थांबले, दोन्ही हातांनी घेतलं आणि इतक्या मनापासून आभार मानले की त्यांचं निदान अर्धं मिनिट गेलं असेल.

साडूंची अधिकृत वेळ आली पाच तास शून्य मिनिटं चौदा सेकंद.

परतीच्या प्रवासात एक्सप्रेसवेवर पनवेल ते घाट एवढ्या अंतरात आम्हाला मॅरेथॉनचा मार्ग कसा मोजतात ते कळलं. सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं यंत्र लावून, वळणांच्या आतल्या जवळच्या रेषेनं मोजतात. वर मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा घालतात. म्हणजे ४२ मीटर. साडूंच्या गतीनं अठरा सेकंद. आणि अंतर तरी एवढं का? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली, म्हणून २६ मैलांवर ३८५ यार्ड आले, आणि १९२१ मध्ये तेच कायम झालं. ३८५ यार्ड म्हणजे ३५२ मीटर. अडीच मिनिटं! दोन्ही मिळून दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

“म्हणजे खरी वेळ चार सत्तावन्न सव्वीस,” साडू मागच्या सीटवर आडवे पडून म्हणाले. “तुम्ही बँकेत होतात. तुम्हीच सांगा.”

मी म्हटलं वजाबाकी बरोबर आहे. ब्रिटिश राजघराण्याकडून वसुली अवघड जाईल.

मेहुणी खिडकीबाहेर बघत होती.

चहाला एका फूड मॉलपाशी थांबलो. साडूंना गाडीतून उतरवायला दोन माणसं लागली. तिथल्या चार पायऱ्या ते कठड्याला धरून, पाठमोरे उतरले. मॅरेथॉनच्या दिवशी मांड्या पुढून उतरू देत नाहीत. टोकन घ्यायला काउंटरवर गेले, गळ्यात पदक तसंच. आतला पोरगा बघतच राहिला.

“काका, मॅरेथॉन? मुंबईची? कितवा नंबर आला?”

हजारोंनी माणसं पळतात, त्यात नंबर नसतो, आपली वेळ आपल्यापुरती, चिपची वेळ, जोन्स काउंटर, विंडसरचा राजवाडा. हे सगळं साडूंच्या ओठांवर आलं असणार. पण साखर संपलेली होती. त्यांना बहुधा ‘ही माझी दुसरी’ असं म्हणायचं होतं.

“दुसरा,” ते म्हणाले.

पोरगा आत वळून ओरडला, “अरे, मुंबई मॅरेथॉनमध्ये दुसरा नंबर!” भटारखान्यातून तिघं-चौघं हात पुसत बाहेर आले. फोटो झाले. वडापावाच्या प्लेटमध्ये एक वडा जास्तीचा आला आणि त्याचे पैसे घ्यायला ते कुणी तयार होईनात. मेहुणीनं माझ्याकडे पाहिलं, मी चटणीकडे पाहिलं. साडूंनी दोन्ही वडे खाल्ले. शर्यतीनंतर अर्ध्या तासात पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं, आणि अर्धा तास होऊन पाच तास उलटले होते तरी त्याला कुणी हरकत घेतली नाही.